बाशिंगाचं माप

चिंचोके भाजायचे तर विस्तव मंद हवा. जाळ वाढला की चिंचोका करपतो, आणि करपलेल्या चिंचोक्याची खळ कागद धरत नाही. शेवगावच्या छबूबाईला हे कुणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं ती लग्नाची बाशिंगं करत होती. एरवी खळीला गव्हाचं पीठ घ्यायची; पण त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात रेशनवर मिळणारा परदेशी ज्वारीचा लाल मिलो माणसांच्या घशाखाली उतरत नव्हता, तिथं कागदाला गहू कोण खाऊ घालतंय! म्हणून चिंचोके. भाजायचे, सोलायचे, दळायचे, आणि शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही.

बाकीचं सामान घरातलंच. जुन्या वर्तमानपत्रांचे सात पदर चिकटवून पुठ्ठा, चहाच्या पुड्यातली चांदी, पानाच्या दुकानातून मागून आणलेली सिगारेटची रिकामी पाकिटं, फुटक्या बांगड्यांचे तुकडे. एवढ्यातून ती असे मोर उभे करायची, की नवरदेव दिसायला कसाही असो, लोक बाशिंगाकडंच बघत राहायचे.

आणि इतक्या कपाळांना बाशिंगं देऊन तिच्या स्वतःच्या घरात मात्र लग्न नव्हतं. लेक राही तेवीस वर्षांची झाली होती. तिचा एक पाय जन्मापासून दोन बोटं आखूड. चालताना जराशी झुकायची, बास. पण तेवढ्यावरून तीन ठिकाणचे पाहुणे चहासुद्धा न घेता उठून गेले होते. टँकरपाशी बाया म्हणायच्या, "समद्या तालुक्याला बाशिंगं दिली, अन् लेकीचंच बाशिंगबळ जड!" छबूबाई वरवर हसायची, आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

वैशाखाच्या तोंडावर बन्सी आला. बन्सी तिचा माहेरचा चुलतभाऊ, जुळवाजुळव करण्यात हातखंडा.

"छबे, जमलं बघ! राहात्याकडचं ठिकाण हाय. कालव्याखालची जमीन, पोरगा साखर कारखान्यात काट्यावर. गोरक्षनाथ नाव. पोरीचा पाय सांगितला, तर म्हनला, मला काय शर्यतीला न्यायचीय का तिला? आता बोल!"

छबूबाई पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "माप आनलंस का?"

बन्सीनं टोपीच्या घडीतून हळदीनं पिवळा केलेला सुताचा दोरा काढला. नवरदेवाच्या बहिणीनं या कानापासून त्या कानापर्यंत, कपाळावरून माप घेऊन दोन्ही टोकांना गाठी मारल्या होत्या. छबूबाईनं दोरा वितेनं मोजला. दीड वीत, चोख. तेवढी खूण तिनं ओल्या पुठ्ठ्यावर कोळशानं केली आणि दोरा खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवला.

या दोऱ्याचा एक रिवाज होता. बाशिंग करताना मापाचा दोरा पुठ्ठ्याच्या दोन पदरांत ठेवून खळीनं बंद करायचा. लग्न झाल्यावर बाशिंग घराच्या आढ्याला बांधतात, तेव्हा दोराही त्याच्या पोटात तिथंच राहतो. सासू बनुबाई हयात असेपर्यंत सांगायची, "मानसाचं माप उघड्यावर ऱ्हाऊ दिऊ नये." का, ते तिनं कधी सांगितलं नाही. छबूबाईनं आपल्यापुरता अर्थ लावला होता: लगीनसराईत वीस-वीस दोरे येतात, एकमेकांत मिसळले तर घोळ व्हायचा. दुसरं काय असणार?

चार दिवसांनी पुठ्ठा वाळला. कातरायच्या आधी तिनं सवयीनं दोरा लावून पाहिला. कोळशाची खूण दोन बोटं पुढं राहिली.

"डोळं गेलं का काय माझं," असं म्हणून तिनं स्वतःलाच शिवी घातली. खूण चुकली असणार. पण वितेनं मोजलं तरी दोन बोटं कमीच. दुसऱ्या दिवशी आणखी एक बोट.

छबूबाई भुताखेतांच्या वाटेला जाणारी बाई नव्हती. उन्हानं सूत आखडलं असेल, हळदीनं आखडलं असेल. टँकरच्या पाण्यातलं वाटीभर पाणी काढून तिनं दोरा भिजवला, ताणला, वाळवला. मग घरातल्या रिळाचा एक दोरा घेऊन तेवढाच कापला, त्याला तीच हळद लावली, तशाच गाठी मारल्या आणि त्याच खिळ्याला शेजारी टांगला. चोवीस तासांनी पाहिलं. घरचा दोरा होता तेवढाच होता. राहात्याचा अर्धं बोट वर गेला होता.

दोरा पदराच्या गाठीला बांधून ती पेठेत चांदभाई शिंप्याकडं गेली. चांदभाई तिला वर्षानुवर्षं चिंध्या आणि जरीचे तुकडे द्यायचा. हिशोबी, शहाणा माणूस. त्यानं दोरा मशीनवर ताणून टेप लावली.

"साडेनऊ इंच. लहान पोराचं दिसतंय."

"परवा पुन्यांदा मोजचाल का?"

"मोजू की. त्यात काय!"

परवा त्यानं मोजलं. मग टेप बदलून मोजलं. मग तो बराच वेळ सुईत दोरा ओवत बसला, आणि ओवून झाल्यावरही मान वर करीना.

"किती भरलं, चांदभाई?"

"नऊला कमी." त्यानं दोरा हातात घेतला नाही. कातरीच्या टोकानं उचलून तिच्यापुढं धरला. "छबूबाई, राग मानू नका. ह्यो माझ्या दुकानात परत आनू नका."

सांगायचं तरी कुणाला, आणि काय? नवरदेवाचं माप कमी होतंय म्हणून? बन्सीला विचारलं तर तो हसला. कालच राहात्याहून आला होता. "पोरगा लई खणखणीत हाय. माझ्याम्होरं पाच भाकरी हानल्या. का गं?" तिनं "उगाच" म्हणून विषय बदलला. बन्सीच्या कानावर एक शब्द जरी घातला, तरी संध्याकाळपर्यंत तो राहात्याला पोचला असता आणि चौथं ठिकाणही उठलं असतं. पाचवं येणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

राही रोज खडीच्या कामावर जायची. पापण्यांवर दगडाचा भुरका घेऊन उन्हं कलताना परतायची, हातांना घट्टे. पण हल्ली ती दळताना गुणगुणायला लागली होती. तीन वर्षांत तिच्या गळ्यातून सूर निघाला नव्हता. त्या दिवशी ती पाणी पिता पिता खिळ्यापाशी थांबली.

"आई, ह्ये कुना लेकराचं माप गं?"

"बाहुला-बाहुलीचं लगीन हाय पेठंत," छबूबाई खाली बघत म्हणाली. "त्याचं."

"आन् ह्यांचं?" राहीनं 'ह्यांचं' म्हणताना तांब्याआड तोंड लपवलं.

"ठिवलंय नीट."

आयुष्यात ती लेकीशी पहिल्यांदा खोटं बोलली.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा तिनं मन घट्ट केलं. पुठ्ठा पहिल्या खुणेवर, दीड वितेवर कातरला. मोर उभे केले, चांदी चढवली, बांगड्यांच्या तुकड्यांचे डोळे बसवले. आता दोरा आत घालायचा. पिवळा दोरा हातात घेऊन ती बसून राहिली. वितेहून थोडाच जास्त उरला होता तो. हा आखूड पडलेला दोरा जावयाच्या कपाळावर बांधायचा? तिनं रिळाचा नवा दोरा दीड वितेचा कापला, हळद लावली आणि तोच दोन पदरांत ठेवून वरून खळ फिरवली.

जुना दोरा तिनं चुलीपर्यंत नेला होता. पण माणसाचं माप जाळायचं कसं? शेवटी रिकाम्या काडेपेटीत घालून तिनं तो भिंतीतल्या देवळीत, सासूच्या टाकाच्या मागं ठेवून दिला.

लग्न मारुतीच्या देवळापुढं पन्नास माणसांत झालं. गोरक्षनाथ उंच, रुंद कपाळाचा. बाशिंग बांधताना छबूबाई खांबाला धरून उभी होती. ते असं बसलं, जणू कपाळावरच घडवलंय. मित्रांनी चेष्टा केली, "गुडघ्याला बांधून बसला हुता, आता कुठं कपाळावर आलं!" आणि मांडव हसला. पाया पडताना तो म्हणाला, "मामी, डोकं न बघता लई बरूबर केलंत."

छबूबाईचा जीव भांड्यात पडला. पाहुणे गेल्यावर तिनं काडेपेटी उघडून पाहिली. दोरा एक वीत होता. दुसऱ्या दिवशी एक वीत. आठवड्यानं एक वीत. थांबला होता. मनातला खेळ होता सगळा, दुष्काळात अर्ध्या पोटी डोकं फिरतं माणसाचं, असं म्हणून तिनं पेटी मिटली.

राही सुखात होती. पोस्टकार्डं यायची. कालव्याला पाणी आहे, सासू पाण्याचा हंडा उचलू देत नाही, तुझं बाशिंग आढ्याला बांधलंय आणि येणारा-जाणारा विचारतो कुणी केलं. दिवाळीनंतर गोड बातमी आली, आणि फाल्गुनात पहिल्या बाळंतपणाला राही माहेरी आली. वैशाखात मुलगा झाला. गोरापान, बापासारखंच रुंद कपाळ. छबूबाईनं टँकरच्या बायांना घरी बोलावून सुंठवडा वाटला.

पाचवीला सटवाईची पूजा मांडली. पाटा-वरवंटा, दिवा, आणि सटवाईला बाळाच्या कपाळीचं लिहायला कोरा कागद नि पेन्सिल. कागद छबूबाईनं आपल्या सामानातला सगळ्यात पांढरा, गुळगुळीत काढला. सकाळी तो कोराच होता. तो नेहमी कोराच असतो.

सातव्या दिवशी बाळाला कुंची शिवायची होती. माप घ्यायला तिनं रीळ शोधलं, ते सापडेना. देवळीत हात घातला तर काडेपेटी हाताला लागली. पेटी उघडून तो पिवळा दोरा तिनं झोपलेल्या बाळाच्या कपाळावर, या कानापासून त्या कानापर्यंत धरला.

गाठीला कान भिडला. दुसऱ्या गाठीला दुसरा कान भिडला.

मग तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. म्हणजे हे होतं तर! जावयाचं वाईट नव्हतंच ते. दोऱ्याला पुढचं दिसत होतं, नातू दिसत होता, आणि आपण वेड्यासारखं वर्षभर भीत राहिलो! तिनं बाळाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्याच मापानं राहीच्या जुन्या लुगड्याची कुंची शिवली. बाळाच्या डोक्याला ती अशी घट्ट बसली, की राही म्हणाली, "आई, हातात टेप हाय का काय गं तुझ्या!"

आता मात्र सासूचं ऐकायचं ठरलं. पाचवीच्या कोऱ्या कागदाचा एक राघू करायचा, पाळण्यावर टांगायला, आणि माप त्याच्या पोटात बंद करून टाकायचं. चिंचोके आदल्या दिवशी दळून ठेवले होतेच. बारसं चार दिवसांवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मंद विस्तवावर खळ शिजवली. मोरचूद टाकला. राघूचे दोन पदर कातरून उन्हात मांडले. पंखांना चांदी लावली, चोचीला तांबडा पतंगी कागद. मन इतकं हलकं झालं होतं, की ती राहीसारखीच गुणगुणत होती. आतून धुरीचा वास येत होता. राही बाळाला न्हाऊ घालून शेकत होती.

खळ गार झाली. छबूबाईनं काडेपेटी उघडली.

दोरा तिनं राघूच्या एका पदरावर ठेवला. सवयीनं, उगाच, वर वीत टाकली. अंगठा एका गाठीवर ठेवला.

करंगळी दुसऱ्या गाठीच्या पुढं जमिनीवर पडली.

तिनं हात झटकला. परत वीत टाकली. मग हात तसाच ठेवून ती बसून राहिली, आणि भांड्यातल्या खळीवर हळूहळू साय धरली.

"आई," आतून राहीचा हसरा आवाज आला, "कालची कुंची आज बोटभर ढिली व्हतीया बघ. नाकावरच येतीया माझ्या बाळाच्या."