चुंबकाचं पोट

कुरणवाडीच्या शाळेत हजेरी झाली आणि घाटगेबाईंनी चौथीच्या सोळा मुलांच्या कपाळांना पट्ट्या बांधल्या. आठवडाभर हे रोज चाललं होतं, त्यामुळे आता कुणी हसलंसुद्धा नाही. पट्टी रिबिनीएवढी रुंद, तिच्यावर मोहरीएवढा दिवा. एखादी गोष्ट आपली आपल्याला उमगते, त्याच्या क्षणभर आधी मेंदूत विजेची एक ठरावीक लहर उठते. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं होतं स्फुरणलहर. ती उठली की दिवा निळा व्हायचा. घोकून पाठ केलेल्या उत्तराला मात्र तो ढिम्म राहायचा, आणि त्यामुळे तालुक्यातल्या भल्याभल्या हुशार मुलांची पंचाईत झाली होती.

कस्तुरी सुतारचा दिवा आठवड्यात एक्केचाळीस वेळा लागला. जिल्ह्यात दुसऱ्या आलेल्या मुलाचा अकरा वेळा! म्हणून आज पुण्याच्या स्फुरण केंद्रातून डॉ. केतकी वर्तक स्वतः आल्या होत्या. चार वाजेपर्यंत नाव पक्कं करायचं होतं. केंद्रात दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याला जागा एकच. ती मिळाली की बारावीपर्यंत तिथेच राहायचं, शिकायचं आणि प्रयोगशाळेतलं हवं ते यंत्र उघडून बघायचं. शाळेच्या पंख्याचा रेग्युलेटर खोलून बोलणी खाल्लेल्या कस्तुरीला सकाळपासून आनंदानं घास उतरत नव्हता.

नियमाप्रमाणे चाचणी एकटीनं द्यायची होती. ऑफिसच्या खोलीत डॉ. वर्तकांनी तिच्यासमोर दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या कांड्या ठेवल्या.

"यातली एक चुंबक आहे, दुसरी नुसतं लोखंड. दुसरी कुठलीच वस्तू न वापरता ओळखायचं."

कस्तुरीनं टोकाला टोक लावलं. चिकटलं. कांडी फिरवून दुसरं टोक लावलं, तरी चिकटलं. कोण कुणाला ओढतंय हे कळणार कसं? अर्धा तास गेला, दिवा काही लागला नाही. तिचे डोळे भरून आले.

"वर्गात येतंय मला, मॅडम. हितं डोस्कंच चालंना झालंय."

डॉ. वर्तकांना वाईट वाटलं. पट्टी बिघडली असेल, असं वाटून त्यांनी सगळ्या पट्ट्यांच्या आठवड्याच्या नोंदी उघडल्या आणि दारात उभ्या असलेल्या घाटगेबाईंना हाक मारली.

"घाटगेबाई, चौथीत मुलं सोळा ना? मग ही सतरावी पट्टी कुणाची? दर वेळी आधी ती लागलीय आणि मागोमाग कस्तुरीची!"

घाटगेबाईंचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, मॅडम. एक जादा पट्टी उरली होती, ती मी दुसरीतल्या जुलेखा मुजावरला बांधली. मला पण पाहिजे म्हणून भोकाड पसरलं होतं तिनं. दिवा लागायचा तिचा, पण मला वाटलं, खराब आहे म्हणूनच जादा दिली असेल."

"पण ती कस्तुरीजवळ कशी?"

"आमच्याकडं चारी वर्ग एकाच खोलीत. मी तिसरीला घेतलं की चौथीची मुलं दुसरीला शिकवतात. जुलेखा कस्तुरीच्या वाट्याला आलीय. अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत तिला, नुसतं विचारून विचारून जीव खाते."

"बोलवा तिला! आत्ता!"

जुलेखा आली, ओठाला खिचडीचं शीत तसंच. पट्टी बांधून घेताना तिची नजर टोकाला टोक चिकटलेल्या कांड्यांवर होती.

"कस्तुरीताई, ह्ये टोकालाच का चिकटतंय? पोटाला चिकटत न्हाई व्हय?"

तिचा दिवा निळा झाला. पापणी लवते न लवते तोच कस्तुरीचाही लागला.

"पोटाला!" कस्तुरी ओरडली. तिनं एका कांडीचं टोक दुसरीच्या मधोमध लावलं. घट्ट चिकटलं. मग अदलाबदल केली. आता टोक मधल्या भागावरून घसरून खाली पडलं. "हीच चुंबक! हिचा सगळा जोर टोकांना हाय, पोटात न्हाईच! लोखंडाला कुठंबी लावलं तर चिकटतंय!"

डॉ. वर्तकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग कस्तुरीला बाहेर पाठवून त्यांनी जुलेखाला एकटीला नवं कोडं दिलं. तिचा दिवा लागला नाही. कस्तुरी परत येताच दोघींचे दिवे पुन्हा लखलखले. डॉ. वर्तकांना एकदम उमगलं. इतकी वर्षं आपण एकेकट्या डोक्यात जे शोधत होतो, ते दोघींच्या मधे होतं!

"कस्तुरी, हिच्याबरोबर येशील पुण्याला?"

"हिची अम्मी न्हाई सोडायची. सात वर्साची हाय ती."  जागा हातची जाते आहे, हे कस्तुरीला कळत होतं. "मग मीबी न्हाई येत. तिथं एकलीचं डोस्कं न्हाई चालायचं माझं. तुमची यंत्रं हितं आणता येतील का, मॅडम?"

चारला दहा मिनिटं कमी असताना डॉ. वर्तकांनी केंद्राच्या संचालकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"सर, मला एका जागेवर दोन नावं हवीत. आणि मुली इथेच राहतील, प्रयोगशाळा त्यांच्याकडे येईल."

"नियमात बसत नाही, वर्तक."

"मग नियम चुकलाय, सर! नऊ वर्षांत तीनशे चोवीस मुलं आणली आपण. वर्षभरात एकेकाचा दिवा मंदावतो. आपण म्हणतो, घरची आठवण येते, मेसचं जेवण सोसत नाही. खरं तर त्यांना प्रश्न विचारणारं माणूसच आपण मागे ठेवून येतोय!"

 संचालकांनी हळूच विचारलं, "वर्तक, ती मुलं आपापल्या वर्गात कुणाशेजारी बसायची, हे कुठे लिहिलेलं सापडेल?"