पेठेतून गेलेलं गाणं

लॅमिंग्टन रोडच्या ऐन मध्यावर एक पांढरी मारुती उभी होती आणि तिच्यात माणूसच दिसत नव्हता. मागे रिक्षांचे हॉर्न नुसते बोंबलत होते. वेदश्रीनं आपली शिकवणीची गाडी कडेला लावली, तरातरा गेली आणि काचेवर टकटक केलं.

स्टिअरिंगखालून एक डोकं वर आलं. चष्मा तिरका, केस विस्कटलेले, हातात काळी वायर.

"बिघडलीय गाडी?"

"नाही हो, गाडी छान आहे. हे बघा ना..." त्यानं बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर दाखवला. वायरीचं एक टोक त्यात, दुसऱ्या टोकाला कॅसेटच्या आकाराचं डबडं, आणि ते डबडं टेपच्या तोंडात. "हे असं लावलं की टेपमधून गाणं येतं म्हणे. येईचना!"

"आणि त्यासाठी भर रस्त्यात थांबलात?"

"चालवता चालवता जमेना..."

"सरका तिकडे."

तो निमूट सरकला. गाडी कडेला घेऊन तिनं वायरीची पिन प्लेअरमध्ये नीट रेटली. खट्! आवाजाचं बटण त्यानं आधीच टोकाला नेऊन ठेवलं होतं. जुन्या सिनेमातलं एक लाडिक गाणं असं दणाणलं की सगळा रस्ता वळून बघायला लागला. दोघांचे हात एकदमच बटणाकडे धावले. बोटांना बोटं लागली... आणि गाणं हळू झाल्यावरही क्षणभर तिथंच राहिली.

"मी प्रभंजन. इथं जवळच, धारवाडला वकिली करतो."

"नाव वादळाचं आणि—"

"—चाल गोगलगायीची. आई रोज म्हणते. लायसन्स आहे हो, धीर नाही."

वेदश्री खळखळून हसली. "उद्यापासून या. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे."

तो आला. रोज सकाळी येत राहिला. स्वतःच्या गाडीवर हात बसावा म्हणून शिकवणी त्याच्याच मारुतीत. नियम तिचा — आधी रिव्हर्स नीट, मग गाणं. उणकल तळ्याकडच्या रस्त्यावर श्रावणाची रिपरिप असायची, वायपर कुरकुरायचे, आणि वायरीतून येणाऱ्या गाण्यात अधूनमधून खरखर.

"आरशात बघा."

"बघतोय की."

"मागच्या गाड्या बघायच्या. मला नाही!"

"आरसा तुम्हीच तसा लावलाय..."

ती खिडकीबाहेर बघायची. कान मात्र लाल व्हायचे.

दाजीबानपेठेत तिच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, कापडाचं दुकान होतं. तिथवर कुजबुज पोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी अप्पांनी चपला काढता काढताच सुरुवात केली.

"बायकांना शिकवत होतीस तोवर ठीक. आता परका पुरुष, वर गाडीत गाणी! निदान काचा तरी लावून घेत जा."

"काचा लावल्या तर लोक काय म्हणतील, अप्पा?"

अप्पांनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग खाली बघत म्हणाले, "बेळगावच्या स्थळाला मी होकार कळवलाय. त्यांची अट आहे, लग्नानंतर ही गाडीची शाळा बंद."

वेदश्री त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "शाळा माझी आहे, अप्पा. आणि होकारही माझाच लागतो."

दुसऱ्या दिवशी प्रभंजन आला तेव्हा ती म्हणाली, "आज दाजीबानपेठेतून."

"तिथं माणसाला चालायला जागा नाही!"

"म्हणूनच."

तिनं चारी काचा खाली केल्या, वायर जोडली आणि आवाज वाढवला. गाडी पेठेत शिरली. हातगाड्या, सायकली, गठ्ठे वाहणारे हमाल... दुकानांच्या प्रत्येक पायरीवरून डोळे वळत होते.

"वेदश्री," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नुसतं वेदश्री. "सगळे बघतायत."

"बघू देत. लाज वाटते?"

"तुमच्या शेजारी बसायची?" त्यानं घामेजला हात पुढे केला आणि आवाज स्वतःच आणखी वाढवला.

"ते निळ्या पाटीचं दुकान. तिथं थांबवा."

गाडी अगदी झोकात थांबली. अप्पा हातात कापडाचा ताका घेऊन तसेच उभे. वेदश्री खाली उतरली. मान ताठ.

"अप्पा, बेळगावला नकार कळवा. मला लग्न करायचं तर यांच्याशी. यांना अजून विचारलेलं नाही, ते आत्ता विचारते." ती वळली. "काय हो?"

"हौदु!" घाबरला की त्याच्या तोंडून कानडीच निघायची. "म्हणजे... हो."

"वकील ना तुम्ही?" अप्पा गुरगुरले. "मग नीट बोला की!"

प्रभंजन उतरला. चष्मा सारखा केला. "नीट बोलतो. मला वेदश्रीशी लग्न करायचंय. आणि माझीही एक अट आहे. शाळा चालू राहिली पाहिजे."

गिऱ्हाइकं दुकानाच्या दारात गोळा झाली. अप्पांनी ताका गुंडाळायला घेतला, पुन्हा उलगडला. शेवटी एवढंच म्हणाले, "संध्याकाळी घरी ये. बोलू."

"येते की. शाळा सुटल्यावर."

ती गाडीत बसली. प्रभंजननं चावी फिरवली. "आता... कुठं?"

"धारवाडला. तुमच्या आईंना सांगायला."

"आत्ता?"

"पहिला गिअर टाका," वेदश्री म्हणाली.