अंबाडीतलं क गेलं कुठे?

पोरांनो, माझ्या स्वयंपाकघरात चोरी होत होती आणि चोर सापडेना. मला तर एका जागी बसवेना.

चंद्रावरच्या आमच्या वस्तीत रांधायचं काम माझं. काचघरातला अंबाडीचा वाफाही माझाच. तरी माझ्या नातीच्या, गोमतीच्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर निलोफर म्हणाली, "काकू, हिला क जीवनसत्त्व कमी पडतंय." (जीवनसत्त्व म्हणजे अन्नातला असा पदार्थ, जो कणभरच लागतो, पण तेवढाही नसला की शरीर कुरकुरतं.) वस्तीतल्या गोळ्या संपलेल्या. "अन्नातून मिळत नसेल, तर आजच्या यानाने हिला पृथ्वीवर धाडावं लागेल."

"रोज माझी अंबाडी खाते पोरगी! कमी पडेलच कसं?"

"मग मोजूया ना, आजी," गोमती म्हणाली.

"डोळ्यांना दिसत नाही ते मोजणार कसं गं, शहाणे?"

आम्ही तिघी प्रयोगशाळेत गेलो. तिथे मापाडी नावाचा यंत्रमानव आहे. त्याने ताजा पाला वाटून गाळला, त्यात भाताची पेज घातली आणि वरून आयोडीन (जखमेला लावतात ते तपकिरी औषध) थेंब थेंब सोडू लागला.

"पेजेला आयोडीन भेटलं की निळा रंग येतो," गोमती सांगू लागली. "पण क जीवनसत्त्व मध्ये पडतं आणि आयोडीन आधी स्वतःच गट्ट करतं. ते संपलं की मगच निळं टिकतं. जितके थेंब जास्त, तितकं क जास्त. याला म्हणतात अनुमापन (थेंबांनी मोजणं)."

थेंब पडत होते. बाहेर यानात सामान चढत होतं. माझ्या येरझाऱ्या चालूच.

"अरे मेल्या, हात चालव की!"

"घाई केली तर माप चुकेल, आजीबाई," मापाडी थंडपणे म्हणाला.

पाल्याला एकोणीस थेंब लागले. "बघ!" मी निलोफरला म्हटलं.

मग तेवढ्याच पाल्याची शिजलेली भाजी घेतली. दोन थेंबांतच निळं!

"बिघडलंय तुमचं यंत्र!"

मापाडीने नुसत्या पाण्यात पेज घालून दाखवली. पहिल्याच थेंबाला निळं. यंत्र ठीक होतं.

गोमती माझ्याकडे वळली. "आजी, भाजी करताना तू काय काय करतेस?"

"काय करणार? पाला उकडायचा, घट्ट पिळायचा. नाहीतर आंबट ढाण होते. आमच्याकडे सगळ्याजणी अशीच करतात."

"आणि पिळलेलं पाणी?"

"वाफ्याला घालते. मी पाणी वाया घालवणाऱ्यातली नाही!"

त्या भाजीचं पाणी अजून पातेल्यात होतं, ते आणलं. मापाडीने तेवढ्याच पाल्याच्या वाट्याचं पाणी घेऊन थेंब सोडले. अकरा!

"क पाण्यात विरघळतं, आजी. बाकीचं उष्णतेने मेलं. म्हणजे माझ्या हिरड्या दुखतात आणि अंबाडीच्या हिरड्या मजबूत!"

निलोफर हसली. माझे कान तापले. पण गप्प राहिले तर ती मी कसली? तडक काचघरात गेले, तेवढाच कोवळा पाला खुडला, लसूण, मिरची, मीठ घालून कच्चाच ठेचला. मापाडीच्या पुढ्यात आदळला.

"मोज!"

सतरा.

निलोफरने प्रवाशांच्या यादीतून गोमतीचं नाव काढलं. हिरड्या बऱ्या व्हायला थोडे दिवस लागतील म्हणाली. यान गेलं. गोमती ठेचा खाताना डोळे मिटून "झोंबतंय गं!" ओरडत होती, आणि एक घास झाला की बोटाने दुसरा मागत होती.

आता ती पेरूपासून पुदिन्यापर्यंत सगळं मोजते. माझ्या रांधण्याला नावं ठेवते. ठेवू दे. फक्त आधी थेंब मोजायचे, मग तोंड उघडायचं, एवढा नियम मी घातलाय.