शंभर फेऱ्यांची वही

रुंजी गेडामचे पत्र जूनमध्ये आले. नोव्हेंबर संपत आला तरी मी त्याला उत्तर दिले नव्हते.

मुलांच्या एका मासिकात मी विज्ञानाच्या शंकांचे सदर लिहितो. मुले प्रश्न पाठवतात, मी पुस्तके चाळून उत्तर देतो. २०५८ साली कागदावर पत्र लिहिणारी मुले फारशी राहिलेली नाहीत. रुंजी तेरा वर्षांची होती, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीची. तिने कागदावर का लिहिले, तेही तिने सांगितले होते:

"सर, आमच्या घरच्या पडद्यावर आलेला प्रत्येक निरोप माझ्या चुलतभावाला, हर्षददादाला दिसतो. म्हणून तुम्हीही कागदावरच लिहा.

आम्ही सातजण 'सप्तपाताळ' खेळतो. भुयारात शिरायचं, राक्षसांना हरवायचं आणि शेवटी पेटी उघडायची. पेटीत कधी निळा मणी निघतो, कधी निघत नाही. सुरुवातीच्या थोड्या पातळ्या सोडल्या तर मण्याशिवाय आपल्या पात्राची पातळी वाढत नाही. मी वैद्य आहे, म्हणजे जखमी झालेल्यांना बरं करते. दादाने शंभर फेऱ्यांची वही ठेवली आहे. मी असलेल्या पन्नास फेऱ्यांत मणी चार वेळा निघाला. मी नसलेल्या पन्नास फेऱ्यांत अठरा वेळा. म्हणून सगळे मला पनवती म्हणतात. आता पेटी उघडताना मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, त्यांनी तसा नियमच केला आहे. तरी मणी निघत नाही.

आधी मी चिडायचे. पण आकडे खोटे नाहीत, मीच चार वेळा मोजले. शाळेत नीलिमाचा हात मोडला तेव्हाही मी शेजारीच होते. डिसेंबरात आईला बाळ होणार आहे. तेव्हा मी जवळ असावं की मावशीकडे जाऊन राहावं? खरं काय ते सांगा. बरं वाटावं म्हणून सांगू नका."

सोबत तिने शंभर फेऱ्यांची नक्कल जोडली होती. पाच पाने, बारीक अक्षर.

मला वाटले, उत्तर सोपे आहे. हा योगायोग! नाणे दहा वेळा उडवले तर पाचच वेळा छापा पडतो असे नाही. कधी सात वेळा पडतो, कधी तीन. संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता आकड्यात मांडणे) शिकवताना मी वर्गात हेच सांगत असे. मी कागद पुढे घेतला आणि 'चि. रुंजी' एवढे लिहिले. मग वाटले, आधी तपासून पाहावे.

मी शंभर चिठ्ठ्या केल्या. एकूण मणी बावीस, म्हणून बावीस चिठ्ठ्यांवर खूण केली. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवल्या आणि न बघता पन्नास काढल्या. या पन्नास म्हणजे रुंजी असलेल्या फेऱ्या असे धरायचे. सगळा योगायोगच असेल, तर अधूनमधून या पन्नासात चार किंवा त्याहून कमी खुणा निघायला हव्यात. पहिल्यांदा बारा निघाल्या. मग दहा, तेरा, नऊ. वीस वेळा काढून हात दुखले, तेव्हा हेच काम संगणकाला दहा हजार वेळा करायला सांगितले. चार किंवा त्याहून कमी खुणा फक्त सहा वेळा आल्या.

दहा हजारात सहा! याला योगायोग म्हणणे कठीण होते.

मी लिहिलेला कागद बाजूला ठेवला. 'तू पनवती आहेस' हे मी लिहिणार नव्हतो, कारण तसे काही असते यावर माझा विश्वास नाही. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे, आणि तिने खरे विचारले होते. आकडे एक सांगत होते, मी दुसरे मानत होतो, आणि मधला दुवा मला सापडत नव्हता. दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला तो चटकन सापडला असता, असे पुष्कळदा वाटले. पत्र शब्दकोशात ठेवले. तो कोश मी रोज उघडतो, त्यामुळे ते रोज दिसत राहिले.

खालच्या मजल्यावर मिस्बाह मुजावर राहते. वय अकरा. नोव्हेंबरच्या एका दुपारी ती पुस्तक परत द्यायला आली आणि नेहमीप्रमाणे परवानगी न घेता टेबलावरच्या उघड्या कोशातले कागद वाचू लागली.

"सप्तपाताळ? आजोबा, तुम्ही सप्तपाताळ खेळता?"

"नाही गं. एक मुलगी खेळते."

"मग तुम्ही तिला काय डोंबल सांगणार? कधी भुयारात गेलायत का?"

खरोखरच, पाच महिन्यांत हे माझ्या मनातही आले नव्हते. ज्या भुयाराचे गणित मी करत होतो ते मी पाहिलेच नव्हते.

मिस्बाहने घरून दोन संच आणले. प्रत्येक संचात दृश्यचष्मा (डोळ्यांपुढे खोटे जग उभे करणारा चष्मा) आणि स्पर्शमोजे (त्या जगातल्या वस्तू बोटांना जाणवाव्यात म्हणून आतून हलका दाब, गारवा किंवा ऊब देणारे हातमोजे) असे दोन भाग होते. चष्मा लावताच माझी खोली नाहीशी झाली. मी एका विहिरीच्या काठावर हातात काठी घेऊन उभा होतो. डोक्यावर 'पातळी १' अशी पाटी तरंगत होती. शेजारी चिलखत घातलेली उंच लढवय्यी उभी होती. तिच्या पाटीवर ३४ होते.

"मी मिस्बाह. चला, माझ्या मागं मागं या. कशाला हात लावू नका."

विहिरीत पायऱ्या होत्या आणि भिंतींवर काहीतरी कोरलेले होते. मी ते वाचायला थांबलो. तेवढ्यात वटवाघूळ आले आणि मी मेलो.

"ओ आजोबा! वटवाघळाच्या हातून कोण मरतं? माझा तीन वर्षांचा भाऊसुद्धा मरत नाही!"

"मी लेख वाचत होतो."

"ते नुसतं नक्षीकाम आहे हो!"

मेलेले पात्र पुन्हा काठावर जिवंत होते. दुसऱ्या वेळी मी नीट चाललो. राक्षस मिस्बाहनेच मारले. मी शेवटी उरलेल्या एका बेडकाला काठी मारली. तरी माझी पातळी एकदम ४ झाली. मोठ्या पातळीच्या पात्राने लहानांना असे सोबत फिरवून वर आणायचे, ही या खेळातली रीतच आहे. आम्ही पेटी उघडली. रिकामी. पुन्हा खाली गेलो. दुसऱ्या फेरीत मात्र पेटीत निळा मणी निघाला. तो हातात घेताना मोजा थंडगार झाला.

"इतक्या लवकर?" मी विचारले.

"ही उथळ विहीर आहे ना. नवीन लोक कंटाळून पळू नयेत म्हणून इथे दहातल्या चार वेळा मणी देतात. खोल भुयारात विसात एकदा मिळाला तरी नशीब. पण तिथला मणी मोठा. एका मण्यात दहा पातळ्या!"

"आणि आपण वैद्य का घेतला नाही?"

मिस्बाह हसली. "उथळ विहिरीत वैद्य कोण नेतं? सर्दीला कुणी अतिदक्षता विभागात नेतं का? वैद्य खोल भुयारात लागतो. त्याच्याशिवाय तिथे अर्ध्या वाटेत मरतो माणूस."

मी चष्मा काढला. मिस्बाह अजून बोलत होती, पण मी शब्दकोशातून पत्राची पाच पाने काढली.

हर्षदने प्रत्येक फेरीपुढे दोनच गोष्टी लिहिल्या होत्या: रुंजी होती की नव्हती, आणि मणी निघाला की नाही. कोणते भुयार, हे कुठेच नव्हते. त्यांना ती सगळी 'फेरी'च वाटत असणार. पण ओळीच्या कडेला फेरी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ होती. त्या वेळांकडे मी पाच महिने पाहिलेच नव्हते.

"मिस्बाह, उथळ विहिरीला किती वेळ लागतो?"

"दहा-पंधरा मिनिटं. तुम्ही भिंती वाचल्या नाहीत तर."

"आणि खोल भुयाराला?"

"चाळीस मिनिटांच्या आत कुणीच नाही येत."

आम्ही ओळी वाटून घेतल्या. ती वेळ वजा करून सांगायची, मी मांडत जायचो. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झाले. रुंजी असलेल्या पन्नास फेऱ्यांपैकी पंचेचाळीस फेऱ्या चाळीस मिनिटांहून लांब होत्या. फक्त पाच छोट्या. रुंजी नसलेल्या पन्नासपैकी पंचेचाळीस छोट्या होत्या.

"म्हणजे अवघड ठिकाणी तिला न्यायचं आणि सोप्या ठिकाणी आपलं आपण जायचं," मिस्बाह म्हणाली. "शहाणेच आहेत!"

आता सारख्याची तुलना सारख्याशी केली. उथळ विहिरीत रुंजीशिवाय पंचेचाळीस फेऱ्या, मणी अठरा. म्हणजे दहात चार. उथळ विहिरीत रुंजीसह पाच फेऱ्या, मणी दोन. तेही दहात चार. काडीचा फरक नाही. खोल भुयारात रुंजीसह पंचेचाळीस फेऱ्या, मणी दोन; तिथे तेवढेच मिळतात.

"पण या पाच बघा," मिस्बाहने बोट ठेवले. "रुंजी नाही, आणि वेळ वीस-बावीस मिनिटं. ना विहीर, ना भुयार."

"मग काय असेल?"

"मेले असतील! वैद्य न घेता खोल भुयारात गेले, हुशारी करायला. पेटीपर्यंत पोचलेच नाहीत."

पाचही ओळींपुढे 'मणी नाही' असे लिहिले होते. पेटी उघडलीच नव्हती, हे लिहायला वहीत जागाच नव्हती.

दोन गोष्टी एकत्र दिसणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत फरक असतो. हे मी मुलांना छत्तीस वर्षे शिकवले होते. इथे रुंजी आणि रिकामी पेटी एकत्र दिसत होत्या. पण त्या दोघींना एकत्र आणणारे तिसरेच काही होते, ते म्हणजे खोल भुयार. अशा गोष्टीला छुपा घटक (नोंदीत नसलेला, पण नोंदीतल्या दोन्ही गोष्टींवर परिणाम करणारा घटक) म्हणतात. माझे चिठ्ठ्यांचे गणित चुकले नव्हते. हा योगायोग नाही, एवढेच ते सांगत होते. मग कारण कोणते, हे चिठ्ठ्यांना कसे कळणार? ते भुयारात जाऊनच कळायचे होते.

मिस्बाहने पुन्हा एकदा ओळींवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "आजोबा, माझी अम्मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात जास्त माणसं तिच्याच वॉर्डात मरतात. यांच्यासारखी वही अम्मीसाठी ठेवली तर अम्मीपण पनवती."

याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. मी तिला विचारले, हे पत्रात लिहू का?

"लिहा. अम्मीचं नाव पण लिहा. शबाना मुजावर."

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. पहिली दोन पाने पाच महिन्यांच्या क्षमायाचनेत गेली. मिस्बाहने ती वाचली आणि म्हणाली, "तिनं हे विचारलंय का?" मी ती फाडली आणि एका वाक्यात माफी मागितली. मग आकडे मांडले, तिच्याच ओळींवरून, म्हणजे तिला स्वतः पडताळून पाहता येतील. शबानाबाईंविषयी लिहिले. शेवटी असे लिहिले:

"रुंजी, तू खरे विचारलेस. खरे असे आहे: मणी निघण्या-न निघण्याशी तुझा काहीही संबंध नाही. पेटीपर्यंत पोचण्याशी मात्र आहे. तुझ्याशिवाय तुमच्या चमूने खोल भुयाराची पेटी एकदाही पाहिलेली नाही.

माझ्यावर विसंबू नकोस, मीही पाच महिने चुकलो. नव्या वहीत तिसरा रकाना आखा: कोणते भुयार. चौथा आखा: पेटी उघडली का. मग वीस फेऱ्या फक्त उथळ विहिरीत करा, आणि प्रत्येक फेरीआधी चिठ्ठी टाकून ठरवा की तू जायचे की नाही. कुणाच्या मर्जीने ठरवायचे नाही. नवे औषध खरोखर गुणकारी आहे का, हे शास्त्रज्ञ असेच तपासतात. तू मोठी होऊन असल्या वह्या आखणारी झालीस, तर मला नवल वाटणार नाही.

नीलिमाचा हात मोडला तेव्हा तिच्याजवळ आणखी कोण कोण होते, तेही आठवून पाहा.

आईजवळ राहा. बाळाला हातात घे. डोके सांभाळायचे असते, मान धरता येत नाही त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्बाह शाळेच्या गणवेशात माझ्याबरोबर टपाल कार्यालयात आली. काउंटरवरच्या यंत्राने पाकीट तोलले आणि विचारले, साधे की तातडीचे?

"तातडीचं," मिस्बाहनेच सांगितले. "किती दिवस?"

"सिंदेवाही, दोन दिवस," यंत्र म्हणाले.

२७ नोव्हेंबर होता. मी पाकीट हातात घेतले. रुंजीच्या पाच छोट्या फेऱ्यांत मणी दोनच ना, तीन तर नव्हते, असे मनात आले. घरी जाऊन एकदा मोजून यावे का?

"आजोबा," मिस्बाह म्हणाली, "माझी शाळा सुटेपर्यंत तुम्ही इथेच उभे राहणार आहात का?"

मी पाकीट पेटीत टाकले.