त्याच्या रेषेत

तो तिच्यावर आदळला तेव्हा तिच्या हातात झेंडा होता. दोघं ओल्या गवतावरून घसरत थेट जाहिरातीच्या पाट्यांपर्यंत गेली, चिखलाचा एक फराटा दोघांच्याही तोंडावर उठला, पण झेंडा मात्र वरच राहिला. आणि तोही त्याच्या संघाच्या विरुद्ध दिशेला.

"लागलं का हो?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"थ्रो त्यांचा," ती म्हणाली.

"अहो, मी विचारतोय... लागलं का?"

"लागलं असतं तरी थ्रो त्यांचाच."

तो तसाच गवतात बसून हसायला लागला. "आडव्या पडलात, तरी आमच्याविरुद्धच!"

ती आपली आपण उठली, कपडे झटकले आणि सामना संपेपर्यंत तिनं त्याच्याकडे अगदी कामापुरतंच पाहिलं. आता तिचं कामच त्याच्याकडे पाहत राहण्याचं होतं, त्याला ती बिचारी काय करणार!

ती देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये सहायक पंच होती. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची आणि शनिवारी मैदानाच्या कडेनं झेंडा घेऊन धावायची. "चष्मा लाव गं!" असं प्रेक्षक ओरडले की तिला मनातल्या मनात हसू फुटायचं. वडील गवंडी, आणि हिची नजर इतकी सरळ, की मुख्य पंच तिला 'ओळंबा' म्हणायचे. मुख्य पंच म्हणजे मास्तर. ते शाळेत मुलांना कवायत शिकवायचे आणि मैदानात आल्यावरही समोर चौथी ब उभी आहे असंच वागायचे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. मैदानाचा एक अर्धा भाग तिचा. त्या भागात जो संघ बचाव करतोय, त्याचा गोलकीपर सोडून सगळ्यात मागचा खेळाडू जिथे, तिथे रेषेबाहेर तिनं राहायचं. तो एक पाऊल पुढे आला की हिनं एक पाऊल पुढे, तो मागे सरला की हिनं मागे. तो थांबला की थांबायचं. असं केलं तरच समोरचा हल्लेखोर त्याच्या पुढे निघून ऑफसाइड झाला की नाही, ते दिसतं.

आणि हा आदळणारा माणूस म्हणजे त्याच्या संघाचा कप्तान, डाव्या बाजूचा बचावपटू. यंदा त्या संघाचे बहुतेक सामने मास्तरांकडेच आले होते. तिशी उलटलेली, पाय पूर्वीसारखे पळत नव्हते, म्हणून तो कायम सगळ्यात मागे. डावी कड नेमकी तिची. म्हणजे हात लांब केला तर दंडाला लागेल इतक्या अंतरावर, पंचेचाळीस मिनिटं, त्यानं जावं तिकडे तिनं जायचं. लग्न झालेल्या बायकासुद्धा इतकं करत नाहीत.

चेंडू लांब पलीकडच्या गोलपाशी असला की दोघंही मधल्या रेषेजवळ रिकामी उभी असायची. तेव्हा तो बोलायचा, समोर बघत, ओठ फारसे न हलवता.

"आज केस वेगळे बांधलेत."

"तुमचा माणूस सुटलाय."

"सुटू दे. त्याला पळता कुठे येतंय... चांगले दिसतायत."

"कप्तान, मी मास्तरांना सांगीन हं!"

"काय सांगाल? केस चांगले दिसतायत हे?"

तिची कानशिलं तापायची. पाऊस भुरभुरायला लागला की त्याच्या मानेवरून थेंब ओघळताना दिसायचे आणि ती उगाचच झेंड्याची काठी पुसायला लागायची. टॉस जिंकला की तो तिच्याच बाजूचा गोल मागून घ्यायचा. बाजू निवडताना एकदा हळूच तिच्याकडे बघायचा... आणि तिचा शनिवार सोन्याचा व्हायचा.

फक्त एक भानगड होती. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, सहायक पंच बदलत नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये तो पलीकडे जायचा, आणि पलीकडे होती चिंगी.

चिंगी म्हणजे त्यांच्या पंचांच्या तिकडीतली दुसरी सहायक. यंदाच भरती झालेली, हसली की दोन्ही गालांना खळ्या पडणाऱ्या जातीची. मुलगी वाईट नव्हती. "ताई, ताई" करत मागे फिरायची, तिची पाण्याची बाटली भरून ठेवायची. तरी मैदानाच्या पलीकडे ती कप्तानाच्या शेजारी उभी राहिली, की हिच्या अंगाची लाही लाही व्हायची. एवढं काय बोलतोय तिच्याशी? आणि ही बया मान वेळावून हसतेय कशाला?

पहिली फेरी संपेपर्यंत ते कसंबसं निभावलं. सगळ्या संघांशी पुन्हा एकदा खेळायची परतीची फेरी सुरू झाली आणि एका शनिवारी कप्तानानं टॉस जिंकून बोट पलीकडे दाखवलं. चिंगीच्या गोलकडे.

तिला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या सामन्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही. खेळ सुरू झाला की हा आधी चिंगीच्या शेजारी, आणि मध्यंतरानंतर, पाय थकले, घामानं थबथबला, की मग हिच्या वाट्याला. उरलासुरला.

"आज बोलत नाही?" त्यानं दुसऱ्या हाफमध्ये विचारलं.

"बोलून झालं असेल ना तुमचं. पलीकडे."

"काय?"

"समोर बघा."

घरी तिनं भांडी आदळली. बाबा टीव्हीसमोर बसले होते. ते कप्तानाच्या संघाचे जुने भक्त. "कुणावर राग आहे?" त्यांनी विचारलं. "भांड्यांवर," ती म्हणाली. बाबांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मत्सर ही गोष्ट वाईट, हे तिला कळत होतं. शिवाय नियमही स्पष्ट होता. पंच आणि खेळाडू यांच्यात काही असेल, तर पंचानं मास्तरांना सांगायचं आणि त्या संघाच्या सामन्यांपासून दूर व्हायचं. पण असायला हवं ना काही! हिच्या एकटीच्या जळफळाटाला नियमात जागा नव्हती. आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यावर तिचा जीव होता. विजेता ठरवणाऱ्या त्या सामन्याला रेषेवर उभं राहायचं, यासाठी ती वर्षानुवर्षं उन्हापावसात धावत आली होती. यंदा तो सामना मास्तरांच्या तिकडीला मिळणार, हे जवळजवळ पक्कं होतं.

आणि मग ती चूक झाली.

पहिला हाफ. कप्तानाचा संघ तिच्या बाजूच्या गोलवर चढाई करत होता. चेंडू तिच्या समोर, काम तिच्या समोर, आणि ती बघत होती मैदानाच्या पलीकडे. तिथे मधल्या रेषेजवळ कप्तान रिकामा उभा होता, चिंगी तोंडावर हात ठेवून हसत होती आणि तो तिच्याकडे झुकून काहीतरी सांगत होता. झुकून! तेवढ्यात गर्दी गरजली. तिनं दचकून मान वळवली, तर त्याच्या संघाचा पोरगा गोलकीपरसमोर एकटा, चेंडू जाळ्यात. ती स्वतः रेषेच्या कितीतरी मागे राहिली होती. कुठे होता तो? पुढे होता की बरोबरीत? ते तिनं पाहिलंच नव्हतं. हात मात्र आपोआप वर गेला. ऑफसाइड.

गोल रद्द झाला. सामना बरोबरीत सुटला. त्या संध्याकाळी टीव्हीवर गोल पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि दर वेळी तो स्वच्छ होता. आंधळ्यालाही दिसावा इतका.

"चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस," बाबा दुखावल्या आवाजात म्हणाले, "एक स्वतःला घे."

मास्तरांनी मात्र आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "चूक कुणाचीही होते. पण तू रेषेत नव्हतीस. तुझं लक्ष कुठे होतं? काही असेल तर सांग," ते म्हणाले. ती काय सांगणार, की चिंगीला खळ्या पडतात?

दोन दिवसांनी भर दुपारी दुकानाचा दरवाजा ढकलून कप्तान आत आला.

"डोळे तपासायचेत."

"दुसऱ्या दुकानात जा."

"तिथे ओळंबा नाही."

मालक गल्ल्यावरून बघत होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येईना. तिनं त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली. कानामागे काड्या तिनं जरा जोरातच अडकवल्या.

"खालची ओळ वाचा."

त्यानं वाचली. त्याच्या खालचीही वाचली. छापखान्याचं नावही वाचलं.

"ठणठणीत आहे नजर. उठा."

"तुमचीही होती," तो हळूच म्हणाला. "शनिवारी काय झालं?"

बस. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं. "मला विचारता? टॉस जिंकून पलीकडची बाजू कोण घेतं? आधी माझी घेत होतात ना? मग आता काय झालं? इकडे येईपर्यंत तुमचं बोलणं संपलेलं, हसणं संपलेलं..."

तो फ्रेमच्या आडून तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला कळलं ते?"

"मैदानातल्या मुंग्यांनाही कळलं."

"मग का घेतो, तेही कळलं असेल."

"कळलंय. तिच्या गालाला खळ्या पडतात!"

"कुणाच्या?" तो खरोखरच गोंधळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हसूही शकला नाही. "अहो... पहिल्या हाफला भरपाईची मिनिटं मिळतात किती? एक. फार तर दोन. दुसऱ्या हाफला खेळाडू बदलतात, कुणी पाय धरून लोळतं, कुणी मास्तरांशी हुज्जत घालतं. सात-सात, आठ-आठ मिनिटं वर मिळतात." त्यानं नाकावरची फ्रेम सावरली. "ती मिनिटं मला तुमच्या शेजारी हवी होती."

खोलीत अक्षरांच्या पाटीचा दिवा तेवढा जळत होता. तिला एकदम बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि त्यावर तो होता.

"मग तिच्याशी... झुकून काय बोलत होतात?"

"विचारत होतो, ओळंबा रागावली की किती दिवस धुमसते. ती म्हणाली, विझलेली अजून कुणी पाहिली नाही."

तिला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. "मी तुमचा गोल घालवला."

"हो."

"चांगला गोल होता."

"फारच चांगला होता," तो म्हणाला. खोटं बोलून तिची समजूत काढली नाही त्यानं, आणि त्यासाठी तो तिला आणखीच आवडला. "तक्रार केली नाही मी. तुमचा शेवटचा सामना जायला नको."

"शेवटचा सामना मी करणार नाही."

"वेड्या आहात का? त्यासाठी तर..."

"तू मैदानात असलास की माझ्या झेंड्यावर माझाच भरवसा राहत नाही," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघते. तू कुणाकडे बघतोस ते बघते. असा पंच मला चालला नसता. मग मी कशी चालेन?"

तो म्हणाला, "'तू' म्हणालीस."

तिनं तिथूनच मास्तरांना फोन लावला. तो समोर, फ्रेम अजून नाकावर.

"मास्तर, तुम्ही म्हणाला होतात, काही असेल तर सांग."

"आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"आत्ता... पाच मिनिटं झाली असतील."

पलीकडे मास्तर खाकरले. "बरं केलंस सांगितलंस. मग तुझ्या जागी चिंगीला उभं करतो, तिच्या जागी दुसरं कुणी बघतो."

"करा," ती म्हणाली.

शेवटच्या सामन्याला ती बाबांबरोबर तिकीट काढून गेली. कप्तानाच्या संघाला विजेतेपदासाठी जिंकणं भाग होतं. ते गेलेले दोन गुण हातात असते, तर बरोबरीवर भागलं असतं. हे बाबांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली.

एका गोलची आघाडी मिळाली होती. दुसरा हाफ संपत आला होता. कप्तान थकून मागे सरकत होता आणि त्याच्या शेजारी, त्याच्याबरोबर पाऊल टाकत, चिंगी. हिनं प्रेक्षकांत मुद्दाम त्यांच्याच रेषेतली जागा धरली होती. त्यानं मान वळवली की हिचा जीव वरखाली व्हायचा. तिच्याकडे बघितलं का? काही बोलला का? शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का?" ती म्हणाली, "मला काय झालंय?"

भरपाईची मिनिटं चालू होती. मधून एक लांब पास आला, समोरचा हल्लेखोर कप्तानाच्या खांद्यामागून सुटला, आणि तिच्या नजरेनं सवयीनं रेष मारली. पास सुटला त्या क्षणी तो बरोबरीत होता. अगदी बरोबरीत. चेंडू गोलमध्ये गेला.

ती उठून उभी राहिली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, "ऑफसाइड! ऑफसाइड होता तो! झेंडा वर कर गं! दिसत नाही का तुला?"

चिंगीनं झेंडा वर केला नाही. तिचं बरोबर होतं. मास्तरांनी गोल दिला, लगेच शेवटची शिट्टी वाजली आणि विजेतेपद दुसऱ्यांच्या घरी गेलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "होता?"

मैदान रिकामं होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली. कप्तान येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण तो आला, चिखलानं माखलेला, डोळे लाल झालेला, आणि खाली कठड्यापाशी थांबला.

"ते दोन गुण माझ्यामुळे गेले," ती म्हणाली.

"हो. गेले." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "एक सांग. खरं सांग. ऑफसाइड होता?"

"नाही."

"चिंगी पण तेच म्हणाली."

"तिला आधी विचारलंस?"

"ती शेजारी होती गं," तो थकून म्हणाला. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "दिसत होतं ना तुला, बरोबरीत होता म्हणून? मग ओरडलीस कशाला? खालपर्यंत ऐकू आलं."

तिचा आवाज बसला होता. डोळे भरून आले होते, आणि शेजारी बाबा उभे होते. तरी तिनं सांगितलं.

"तुझ्याविरुद्ध होता म्हणून."