गोऱ्यांच्या देवळाबाहेरचे बूट

उस्मानाबाद शहराच्या कडेला असलेल्या पडक्या अँग्लिकन चर्चचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच आहे. गोऱ्या पलटणीनं ते बांधलं, पटकीनं त्याची फरशी कबरींनी भरली आणि मग पलटणीची बदली झाली. बाकडी लिलावात गेली, छपराची कौलं लोकांनी नेली. कबरींना तेवढं गिऱ्हाईक मिळालं नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मी बायकोला घेऊन तिथं शिरलो. मी शिकवायचो त्या शाळेवर तिरंगा लावला म्हणून बंदूकवाले माझ्या मागावर होते. निजामाची हद्द ओलांडून आम्हाला सोलापूर गाठायचं होतं, आणि नीलम्माचे दिवस भरत आले होते.

कोपऱ्यात बसल्यावर मला तिचे अनवाणी पाय दिसले.

"चपला कुठंयत?"

"दाराशी काढल्या."

"अगं, मागं बंदुका आहेत!"

"म्हणून देवाच्या घरात चपला घालून यायचं व्हय? तुमचं कॉलेज तुमच्यापाशीच ठेवा."

मी उठलो, तोच घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. परत बसलो.

आधी वास आला. रणरणत्या उन्हात ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा. मग नसलेली बाकडी करकरली, पुष्कळ माणसं सावरून बसावीत तशी. नीलम्मानं जरा सरकून कुणाला तरी जागा करून दिली.

घोडे दारात थांबले.

"शांतलिंग मास्तर इधरच घुसा."

"अरे, बूटां देखो! पूरी पलटन है अंदर!"

"गोरे लोगां बूट कब से उतारने लगे?"

टापा घाईनं लांब गेल्या.

बाहेर आलो. दाराशी नीलम्माच्या चपला तेवढ्या होत्या. शेजारची धूळ मात्र जोडीजोडीनं दबलेली, पार रस्त्यापर्यंत. साहेब लोक चर्चमध्ये टोपी काढतात, बूट नाही, एवढं मला ठाऊक होतं.

नीलम्मा उंबऱ्यावर वाकली. "लई उपकार झाले. महादेवा, ह्या समद्यांना सुखी ठेव, अन् माझं लेकरू नीट येऊ दे."

"आमेन."

जड आवाज होता, पुष्कळ जणांचा, फरशीखालून आलेला.

आमची मुलगी सोलापुरात सुखरूप जन्मली. त्या अनोळखी मंडळींना मी आजही हात जोडतो. तेव्हाही, त्या उंबऱ्याशीच, जोडले होते.

तेवढ्यात, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एक बारीक आवाज "आमेन" म्हणाला. तो फरशीखालून आलेला नव्हता.

नीलम्मानं हळूच पोटावर हात ठेवला.