एका शाफ्टावर आलेली गाडी

वत्सला प्रभुगावकरांच्या दारात शेवंती उभी राहिली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"बाये, माझ्या साईशाक पोलिसांनी धरून व्हेलो गे! दनपारां कोर्टात व्हरतले. चोर म्हूण नाव जालें की त्याका ड्रायव्हर म्हूण कोण ठेवतलो?"

शांतारामांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांची बायको वत्सला विमा कंपनीत मोडलेल्या गाड्या आणि धडधाकट थापा तपासून निवृत्त झाली होती. आता खासगी तपास करी. डिचोलीत या धंद्याला अजून नाव नव्हतं, म्हणून लोक तिला 'इन्शुरन्सबाय' म्हणत.

शेवंतीच्या मुलाचे, साईशचे, मालक गोकुळदास शेट. त्यांच्या सिद्धीचं त्याच संध्याकाळी लग्न, आणि तिच्या दागिन्यांची पेटी गाडीच्या डिकीतून गेलेली.

शेटांच्या अंगणात अर्धा मांडव उभा होता. कडेला पांढरी छोटी गाडी, पुढच्या चाकांवर चालणारी, नव्या तऱ्हेची.

"माझा मेहुणा प्रशांत काल रात्री पेडण्याच्या सोनाराकडून दागिने घेऊन आला," गोकुळदास म्हणाले. "सकाळी डिकी रिकामी. दुसरी चावी साईशकडे. यात तपासायचं काय?"

"गाडीला काय झालंय?"

"चाक फिरवणारा डावा शाफ्ट तुटला. वळणावर कट-कट वाजते म्हणून साईश कधीपासून मागे लागला होता. म्हटलं, लग्न होऊ दे. राज्य व्हायला आम्ही पंचवीस वर्षं थांबलो, शाफ्ट थांबेल की चार दिवस!"

"अहो, बॅटरीचा उजेड धरा," म्हणत वत्सलाबाई गाडीखाली वाकल्या. चाकाजवळच्या सांध्यावरचं रबरी आवरण जुनंच फाटलेलं. त्यातून ग्रीस बाहेर गेलं होतं, धूळ आत. सांधा झिजून तिथेच शाफ्ट तुटला होता. तुटलेल्या टोकावर तांबड्या धुळीचा जाड थर. पुढच्या बंपरखालच्या हुकात काथ्याचे तंतू अडकलेले.

"काथ्या," शांताराम म्हणाले. "गोव्यात नाही तर कुठं मिळायचा?"

बाईंनी एक तंतू चिमटीत धरून उजेडात पाहिला. शांतारामांनी घड्याळ पाहिलं आणि लगेच पस्तावले; दुपारचं कोर्ट जवळ आलं होतं.

प्रशांत ओसरीवर जागरणाच्या डोळ्यांनी बसला होता.

"इब्रामपूरच्या वळणावर धाडकन आवाज आला. गोवा राज्य झालं, पण तो रस्ता अजून केंद्रशासितच आहे! निर्जन जागा, जवळ सोनं. थांबलो नाही. उरलेल्या एका शाफ्टावर हळूहळू लंगडत आणली. वाटेत चिटपाखरू भेटलं नाही."

"पेटी घरात का नाही नेली?"

"सगळे झोपलेले. कपाटाची चावी ताईच्या कमरेला."

शांतारामांना त्याच्या धैर्याचं कौतुक वाटलं. तेवढ्यात फाटकातून मांडववाल्या अमोलचा ट्रक आला. मागे दोन माणसं बांबू हातांनी धरून बसली होती.

"दोर तुटलो मरे!" अमोल ओरडला. "नवो कोरो काथ्याचो दोर!"

वत्सलाबाई उठल्या. "प्रशांत, गाडीत बसा. जरा फाटकापर्यंत न्या."

"मोडलेली गाडी?"

"काल इब्रामपूरपासून आलीच ना. चार हात जाईल."

प्रशांतनं इंजिन चालू केलं. गिअर टाकला. इंजिन ओरडलं, धूर निघाला. गाडी तसूभर हलली नाही. त्यानं पुन्हा जोर केला. अंगणातली कामं थांबली.

"पुरे," बाई म्हणाल्या. "एक नळ सताड उघडला की शेजारच्या नळाला पाणी येत नाही. तसंच इथं. एक शाफ्ट तुटला की इंजिनचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूलाच वाहून जातो. दुसरं चाक जागचं हलत नाही. ही गाडी म्हणजे बैल नव्हे, तीन पायांवर लंगडत यायला."

"मग... दारात येऊन तुटला असेल," गोकुळदास पुटपुटले.

"तुटलेल्या टोकावर वाटेची धूळ साचलीय. तुटून मग आली, आणि कुणीतरी ओढून आणली. हुकात काथ्या आहे. अमोल, तुझा दोर कशानं तुटला?"

अमोलनं प्रशांतकडे पाहिलं. "काल रातीं ह्यांचीच गाडी ओढून हाडली न्हय, डिचोलीच्या चढावार तुटलो; गांठ मारून घरा पावयली. कोणाक सांगू नाका म्हणाले. भावोजी दोराचो खर्च काडून भांडतले म्हणाले."

"आणि तुझ्याकडे काय ठेवायला दिलं?"

"कांय ना! रोषणाईच्या बल्बांची पेटी. आपटू नाका, फुटतली म्हणाले. मी ती खाटेखाला दवरली."

प्रशांत गाडीतून उतरला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

"ओढून आणल्याचं कळलं असतं तर अमोलला विचारलं गेलं असतं, आणि पेटी सापडली असती," बाई शांतारामांना म्हणाल्या. "म्हणून ह्यानं गोष्टीत गाडी एकटीच लंगडवली. अहो, आता घड्याळ पाहा."

साईशला कोर्टात न्यायला ठाण्याच्या दारात पोलिसांची जीप सुरू झाली होती, तेव्हा अमोलच्या खाटेखालची पेटी घेऊन गोकुळदासांची स्कूटर आडवी आली. साईश खाली उतरला. गाल सुजलेला.

"साईश, झालं गेलं विसर," शेट म्हणाले. "भाड्याची गाडी आणलीय. नवरीला तूच नेणार."

साईशनं मान हलवायच्या आधीच ठाण्याबाहेर थांबलेली शेवंती मध्ये आली.

"शेटी, सकाळी पोलीस आयले तेन्ना, साईश चोर न्हय म्हूण तुमी एकदा तरी म्हटलें?"

शेटांनी पेटी काखेत घट्ट धरली.

"चल रे पुता," ती म्हणाली. "बस आयली."